बुदैयाचं गोडं पाणी

बहरीनमधल्या मनामाहून पश्चिमेला जाणारा बुदैया रस्ता आता दुकानं, हॉटेलं आणि बंगल्यांनी गजबजलाय. मधूनच एखाद्या भिंतीवरून खजुरीचे शेंडे डोकावतात, तेवढीच काय ती जुन्या बागायती पट्ट्याची खूण.

बुदैया वसवणारे मात्र शेतकरी नव्हते. १८४५च्या सुमारास आलेले दवासिर टोळीचे लोक मोती आणि मासळीवर जगणारे. शेती करायची ती शेजारच्या दिराझ, बारबार या गावांतल्या बहारना, म्हणजे बेटावरच्या मूळ रहिवासी, कुटुंबांनी, आणि ती फार जुनी, झऱ्यांच्या गोड्या पाण्यावरची. १९५४ पासून डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा बारबारचं चारेक हजार वर्षांपूर्वीचं देऊळ सापडलं. आपल्या बारवेसारखं तिथेही पायऱ्या उतरून झऱ्यापाशी जायचं.

हे गोडं पाणी समुद्राच्या तळातूनही उसळायचं. पाणबुडे रिकामी पखाल घेऊन बुडी मारायचे, झऱ्यावर तिचं तोंड उघडायचे आणि भरताच आवळून वर यायचे. मोत्यांच्या गलबतांवर हेच पाणी प्यायचे.

१९२३ मध्ये सगळ्यांना सारखा कर लावायचं ठरलं, तेव्हा दवासिर गाव सोडून दम्मामला गेले. पुढे त्यातले काही परतले. पण गावाचं नशीब पालटलं ते दुसऱ्याच कारणाने. तेलाच्या शोधात असलेल्या फ्रँक होम्स यांनी बहरीनला पाण्यासाठी विहिरी खोदून दिल्या आणि १९२५ मध्ये तेलाचा परवाना मिळवला. १९३२ मध्ये तेल लागलं. जपानी कल्चर मोत्यांनी मोत्यांचा धंदा बसला होताच. पुढच्या काळात बोअर वाढत गेले, उपसा बेसुमार झाला, झरे आटले आणि खालून खारं पाणी चढलं.

जुन्या बागेत वर खजूर, मधे लिंबू-डाळिंब, खाली लसूणघास अशी तीन मजली लागवड असे. खारेपणा खजुरी पुष्कळ सोसते, लिंबू सोसत नाही. म्हणून नुसत्या खजुरी उरलेली बाग दिसली की मला तिच्या विहिरीचीच आठवण येते.

तरीही इथली शेती संपलेली नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. बहरीनमध्ये आता तुबलीत शुद्ध केलेलं सांडपाणी शेतांना मिळतं. हिवाळ्यात शनिवारी सकाळी बुदैयाच्या सरकारी बागेत शेतकरी बाजार भरतो. तिथे टोमॅटो, मुळा, कोथिंबीर, पुदिना घ्यायला आपली मंडळीही जातात. इथे ज्याला कनार म्हणतात ते बोर दिसलं, तर घ्याच.