पहिला ठसा : हेडफोन, कानाच्या मापाचे मॉनिटर आणि ऐकण्याचा इतिहास

मागच्या वर्षी एका ऑडिओलॉजिस्टच्या खुर्चीत दातांमध्ये छोटा ठोकळा धरून मी गप्प बसले होते. आधी त्यांनी दोरा बांधलेला फोमचा बोळा कानात सरकवला, म्हणजे पडद्याला धक्का लागत नाही. मग सिरिंजमधून मऊ सिलिकॉन भरलं. बाहेरचा पंखा, रस्ता, त्यांचा आवाज, सगळं हळूहळू बुजत गेलं. तोंड उघडं ठेवायचं कारण असं, की जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. काही मिनिटांनी सिलिकॉन घट्ट झालं, त्यांनी ते अलगद ओढून काढलं, आणि माझ्या कानाचा ठसा त्यांच्या तळहातावर आला.

या ठशाला त्यांच्या भाषेत इम्प्रेशन म्हणतात. नवीन वस्तू वापरल्यावर जे पहिलं मत होतं, त्यालाही आपण इम्प्रेशनच म्हणतो. आजचा लेख या दुसऱ्या इम्प्रेशनबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण नेट-सेट किंवा पेटच्या तयारीत आहात, आणि 'स्वतःचा अनुभव संशोधनात वापरता येतो का?' हा प्रश्न मला वारंवार येतो. माझं उत्तर आहे : येतो, पण त्याला साधनासारखं वागवलं तरच.

साधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजवाड्यांचे खंड येतात, मोडीतले रुमाल येतात. माझं साधन मात्र तबकडीवर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका हा माझा विषय. फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आला, नोव्हेंबर १९०२ मध्ये गौहर जानचा आवाज मुद्रित झाला, आणि तिथून आपल्याकडच्या तबकड्यांचा व्यवसाय वाढत गेला. या तबकड्यांच्या डिजिटल प्रती मी चार वर्षं मोठ्या, कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर ऐकत होते. खोलीबाहेर रहदारी, म्हणून आवाज वाढवायचा. आवाज वाढवला की तबकडीची खरखरही वाढायची. एक दिवस हेडफोन काढल्यावरही कानात बारीक शिट्टी वाजत राहिली. ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास ही सर्वसाधारण मर्यादा मानतात, आणि अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या हिशेबानं दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. हे मी दुसऱ्यांना सांगायचे. स्वतः पाळत नव्हते. बाहेरचा आवाज अडवला तर आतला कमी ठेवता येईल, म्हणून कानाच्या मापाचे इन-इअर मॉनिटर करून घ्यायचं ठरवलं.

काही आठवड्यांनी ते आले. पहिल्या दिवशी वहीत लिहिलेलं जसंच्या तसं देते : 'घालताना जरा फिरवून घालावं लागतं. बसल्यावर खोली नाहीशी. स्वतःचा गिळण्याचा आवाज मोठा. पावलं डोक्यात वाजतात. गायिका समोर नाही, कपाळाच्या आत. आवाज अर्ध्यावर ठेवूनही सगळं ऐकू येतंय. डग्गा भरदार! हेडफोनवर हा डग्गा कुठे होता?'

त्याखाली मी दोन रेघा मारून लिहिलं होतं : 'चौथं प्रकरण पुन्हा लिहावं लागणार.'

हे वाक्य लिहिताना खरं सांगायचं तर पोटात गोळा आला होता. चौथ्या प्रकरणात मी साथीच्या वाद्यांबद्दल लिहिलंय, आणि त्यात 'डग्गा जवळजवळ ऐकू येत नाही' असं स्पष्ट म्हटलंय. नवं उपकरण खरं असेल तर माझ्या चार वर्षांच्या नोंदी चुकीच्या. मॅडमना (म्हणजे माझ्या गाईडना) फोन केला. त्यांनी एकच विचारलं : "अगं, बदललं काय? तबकडी, का तू?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आधी दोन्ही वस्तूंच्या घराण्यांकडे बघावं लागतं.

डोक्यावरच्या हेडफोनचा वंश टेलिफोन आणि रेडिओचा. १९१० मध्ये यूटामधल्या नॅथॅनिएल बाल्डविननं घरी बनवलेले हेडफोन अमेरिकन नौदलानं घेतले. काम होतं वायरलेसचे क्षीण संदेश ऐकण्याचं. संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन आले ते १९५८ मध्ये, मिलवॉकीच्या जॉन कॉसकडून. १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमननं ते हलके करून रस्त्यावर आणले. कान झाकणारा असो वा कानावर टेकणारा, हेडफोन बाहेरच बसतो, आणि आपल्या कानाची पाळी, तिच्या वळ्या आवाजाला थोडा आकार देत राहतात.

कानात घालून ऐकण्याचा वंश वेगळा, आणि खरं तर जुना. १८१६ मध्ये लाएनेकनं स्टेथोस्कोप तयार केला, शतकाच्या मध्यापर्यंत तो दोन्ही कानांत घालायचा झाला. एडिसनच्या फोनोग्राफची नाणं टाकून गाणं ऐकायची यंत्रं १८८९ नंतर अमेरिकेत पसरली, तेव्हा लोक रबरी नळ्या कानात घालूनच ऐकत. १८९१ मध्ये फ्रेंच अभियंता अर्नेस्त मर्काडिए यानं कानात बसणाऱ्या हलक्या टेलिफोनचं पेटंट घेतलं. जॉनथन स्टर्न यांचं 'द ऑडिबल पास्ट' (२००३) हे पुस्तक तुमच्या यादीत नसेल तर घाला. डॉक्टर, तारायंत्रवाले आणि फोनोग्राफचे श्रोते एकाच प्रकारचं 'लक्ष देऊन ऐकणं' कसं शिकत गेले, हे त्यात सविस्तर आहे.

आजचे मापाचे मॉनिटर मात्र स्टेजवरून आले. रॉक संगीतात गायक-वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून पायाशी स्पीकर ठेवतात. ड्रमच्या आवाजात ते वाढवावे लागतात, ते वाढले की ड्रमवाला आणखी जोरात वाजवतो. १९९५ च्या सुमारास व्हॅन हेलन या बँडचे मॉनिटर इंजिनिअर जेरी हार्वी यांनी ड्रमर अॅलेक्स व्हॅन हेलनसाठी कानाच्या साच्यात बसणारे, खालच्या आणि वरच्या सुरांना वेगळे ड्रायव्हर असलेले मॉनिटर बनवले, आणि त्यातूनच अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. अशा मॉनिटरमध्ये वापरतात ते चिमुकले बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर मूळचे श्रवणयंत्रांतले. थोडक्यात, माझ्या कानात आलेली वस्तू श्रवणयंत्र आणि रॉकचं स्टेज यांची संतती होती. गोंगाट अडवणं आणि आपला आवाज सापडू देणं, हे तिचं मूळ काम. शंभर वर्षांपूर्वीची तबकडी जशी होती तशी ऐकवणं, हे तिचं काम कधीच नव्हतं.

आता वहीतल्या नोंदी पुन्हा वाचा. 'पावलं डोक्यात वाजतात' हे तबकडीबद्दल नाहीच. कानाची नळी बंद झाली की हाडांतून येणारा स्वतःचा आवाज बाहेर पडू शकत नाही, म्हणून तो घुमतो. 'कपाळाच्या आत' हेही तसंच. दिशा कळायला बाहेरचा कान मदत करतो, आणि इथे त्याला वगळलेलं आहे. उघड्या कानाची नळी साधारण ३००० हर्ट्झच्या आसपासचे सूर आपोआप उचलून धरते. नळी बुजवली की ती उचल बदलते, आणि बनवणाऱ्याला ती अंदाजानं परत घालावी लागते. माझ्या निम्म्या नोंदी अशा माझ्या कानाबद्दल निघाल्या.

राहिला डग्गा. त्याची तपासणी करता येते. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी मायक्रोफोन नव्हता. कलाकार भोंग्यासमोर गायचे आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात खाच पाडायची. या पद्धतीत अगदी खालचे सूर फारसे उतरतच नसत. मग मला भरदार काय ऐकू आलं? मी ती फाइल संगणकावर आलेखात उघडली. खालच्या पट्टीत एक घरघर होती, आणि ती गाणं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या खाचेतही होती, गाणं संपल्यावरही होती. म्हणजे ती फिरत्या टर्नटेबलची घरघर! तबल्याच्या वरच्या नादाखाली ती आली आणि माझ्या कानानं दोन्ही जोडून डग्गा तयार केला. चौथं प्रकरण वाचलं.

पण सगळंच भ्रम ठरलं असं नाही. दुसऱ्या एका तबकडीत गायिका शेवटी आपलं नाव सांगते (सुरुवातीच्या तबकड्यांत ही पद्धत होती). त्याच्या अगदी आधी मला कुणीतरी हलकेच काहीतरी बोलल्यासारखं ऐकू आलं. बहुधा तिला खूण करणारा माणूस. हे आलेखातही दिसलं. मग मी जुने हेडफोन लावून तीच जागा ऐकली. आणि काय, तिथेही तो आवाज होता! चार वर्षं होता. एकदा तो आहे हे कळल्यावर मात्र कानाला लगेच सापडला. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर हेच : तबकडी तीच, बदलले मी.

इतिहासात याचं मोठं उदाहरण आहे. १९१५ पासून अमेरिकेत एडिसन कंपनीनं 'टोन टेस्ट' नावाचे जाहीर कार्यक्रम केले. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारी यंत्र. ती मध्येच गप्प व्हायची, यंत्र गात राहायचं, आणि फरक कळला नाही असं लोक सांगायचे. आज त्या तबकड्या ऐकून आपल्याला हसू येतं. पण ते श्रोते मूर्ख नव्हते आणि सगळे खोटंही बोलत नव्हते. त्यांची तुलना त्यांनी आदल्या दिवसापर्यंत ऐकलेल्या यंत्रांशी होती. शिवाय गायिकाही आपला आवाज यंत्राला जुळवून घेत. 'आवाज हुबेहूब' ही नोंद वाचून यंत्र कसं होतं ते थोडं कळतं. लोकांना तोवर कशाची सवय होती, ते जास्त कळतं.

पहिल्या मताची खरी किंमत इथेच आहे. ते टिकत नाही. दोन आठवड्यांत पावलांचं घुमणं मला जाणवेनासं झालं, महिन्याभरात गायिका कपाळात आहे हेही विसरले. सवय झाली की फरक लपतो. ज्या दिवशी जुनी सवय जिवंत आहे आणि नवी वस्तू हातात आली आहे, त्या एका दिवशीच दोन्ही शेजारी दिसतात.

म्हणून तुम्हाला तीन गोष्टी सुचवते. एक, पहिलं मत त्याच दिवशी तारखेसह लिहा, आणि आधी काय वापरत होता तेही लिहा. त्याशिवाय ती नोंद अर्धी आहे. दोन, नंतर ती दुरुस्त करू नका. मत बदललं तर खाली नवी तारीख घालून लिहा. वहीतलं ते 'डग्गा भरदार!' मी खोडलेलं नाही. तीन, नोंदीतलं कोणतं वाक्य वस्तूबद्दल आहे आणि कोणतं स्वतःबद्दल, हे वेगळं करा, आणि वस्तूबद्दलचं वाक्य दुसऱ्या कुठल्यातरी मार्गानं तपासा. दुसऱ्याच्या जुन्या पत्रात किंवा जाहिरातीत 'पहिल्यांदा पाहिलं', 'पहिल्यांदा ऐकलं' असं आलं की हाच प्रश्न विचारा : या माणसानं काल काय पाहिलं होतं, काय ऐकलं होतं?

पद्धतीच्या प्रकरणात मी आता एक परिच्छेद वाढवलाय : कोणत्या तबकड्या कशावर ऐकल्या, किती आवाजात, कधीपासून काय बदललं. मॅडमनी समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं : 'हे आधी का नव्हतं?' त्याचं उत्तर सोपं आहे. जोवर एकाच गोष्टीतून ऐकत होते, तोवर मी कशातून तरी ऐकतेय हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं.