कुंभारणीच्या घरांतील अळी

लांज्यास आमच्या घरीं माजघराच्या तुळईवर दरवर्षीं कुंभारणी मातीचीं घरें बांधीत. हिरवी अळी धरून आणावी, मडक्यांत कोंबावी, गुणगुणत तोंड लिंपावें. आणि कांहीं दिवसांनीं त्याच मडक्यांतून कुंभारीण बाहेर पडावी! आजी सांगे, "अळी भयानें तिचेंच ध्यान करते आणि शेवटीं तीच होते." हाच कीटभृंगन्याय. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूताच्या चोवीस गुरूंत हा कीटक आहे, एकनाथांनीं शके १४९५ (इ. स. १५७३) मध्यें काशीस पूर्ण केलेल्या टीकेनें तो मराठी घरांत आणला.

एवढ्यावरून पूर्वजांस भोळे म्हणणारे सुशिक्षित पुष्कळ भेटतात. त्यांनीं सतराव्या शतकांतील डच चित्रकार गोडार्ट याचें उदाहरण पाहावें. त्यानें वर्षानुवर्षें अळ्या पाळल्या, आणि एकाच जातीच्या अळींतून कधीं फुलपांखरूं, तर कधीं माशा निघतात असें प्रामाणिकपणें लिहून ठेवलें. पाहण्यांत चूक नव्हती. अंडें तेवढें निसटलें होतें. कुंभारीण अळी आणण्यापूर्वींच मडक्यांत बारीक तंतूला अंडें टांगून ठेवते, हें फ्रेंच निरीक्षक फाब्र यानें १८८२ सालीं सविस्तर वर्णिलें. नांगीनें बधिर झालेली अळी ताजी राहते व पिलाचें अन्न होते.

ह्या पिलाला अन्न आईनें आणून दिलें. पण ज्याची आई अंडें घालून निघून जाते, त्यानें काय करावें? अलिओकारा नांवाच्या भुंगेऱ्याची मादी कोबीच्या मुळांपाशीं मातींत अंडीं घालते. त्यांतून निघालेली चिमुकली अळी अंधारांत मातींतील रासायनिक खुणांच्या आधारें कोबीवरील माशीचा कोश शोधते, त्याचें कवच पोखरून आंत शिरते. आंत आधींच कोणी शिरलें असल्यास तेंही तिला कळतें, आणि ती बहुधा दुसरा कोश शोधूं लागते!

याहून नवल कॅलिफोर्नियांतील मोहावी वाळवंटांत आढळलें व २००० सालीं प्रसिद्ध झालें. हिंग्यांच्या कुळांतील एका किड्याच्या अळ्या गवताच्या टोकावर गोळा होऊन मधमाशीच्या मादीसारखा गंध सोडतात. फसलेला नर जवळ येतांच त्याला चिकटतात, त्याच्यावरून मादीवर, मादीबरोबर तिच्या घरट्यांत. कीटभृंगन्यायाची ही उलटी तऱ्हा म्हणावी : अळी भृंगाचें सोंग घेते, परंतु ध्यानाचें नांव नाहीं.

कॉलेजांतून सुटीस आलों असतां मीं एक ताजें मडकें फोडून आजीला तें टांगलेलें अंडें दाखविलें. तिनें तें चाळशी लावून पाहिलें, आणि विचारलें, "मग ती गुणगुणत होती तें कशाला रे?"

तेव्हां उत्तर आलें नाहीं. मातकाम करणाऱ्या कित्येक गांधिली अंगाच्या कंपनानें ओली माती सैल करून बसवितात, हें मीं पुढें वाचलें. तोंवर आजी गेली होती.