विमान उतरताना पायलट कंट्रोल टॉवरची सूचना पुन्हा का म्हणून दाखवतो?

विमान उतरायला आलं की कंट्रोल टॉवर पायलटला धावपट्टीचा क्रमांक सांगून 'क्लिअर्ड टू लँड' अशी परवानगी देतो. त्यावर पायलटने नुसतं 'ओके' म्हणून भागत नाही. धावपट्टीचा क्रमांक, परवानगी आणि आपल्या विमानाची ओळख, म्हणजे कॉल साइन, हे सगळं त्याला पुन्हा म्हणावं लागतं. याला 'रीडबॅक' म्हणतात. त्यात चूक आढळली तर कंट्रोलर लगेच दुरुस्त करतो.

जमिनीवरच्या विमानांनाही हाच नियम आहे. धावपट्टीच्या अलीकडे 'होल्डिंग पॉइंट' असतो. स्पष्ट परवानगी मिळाल्याशिवाय तो ओलांडायचा नाही.

पण रीडबॅक बरोबर असूनही गैरसमज होऊ शकतो का? हो. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तेच घडलं. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या जपानी तटरक्षक दलाच्या विमानाला टॉवरने सांगितलं, 'नंबर वन, होल्डिंग पॉइंट सी-5 पर्यंत जा.' 'नंबर वन' म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिला. पायलटकडून रीडबॅक अचूक आला. पण कॅप्टनचा समज झाला की धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली आहे. त्यांचं विमान धावपट्टीवर जाऊन सुमारे 40 सेकंद थांबलं.

त्याच धावपट्टीवर उतरण्याची परवानगी जपान एअरलाइन्सच्या विमानाला आधीच मिळाली होती. टॉवरमधल्या स्क्रीनवर धोक्याचा इशारा उमटला, पण तो कंट्रोलरच्या लक्षात आला नाही. धडक झाली. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. पेटलेल्या प्रवासी विमानातले सर्व 379 जण मात्र बाहेर पडले.

त्यानंतर जपानने 'नंबर वन' असा क्रम सांगणं काही काळ थांबवलं आणि हानेदाच्या टॉवरमध्ये त्या स्क्रीनवर सतत नजर ठेवायला वेगळा माणूस नेमला. म्हणजे शब्द तर नेमके हवेतच, पण ते चुकीचे समजले गेले तर सावरणारं आणखी कुणीतरी हवं.

शेवटचा उपाय पायलटच्या हातात असतो. धावपट्टी मोकळी दिसली नाही किंवा परवानगी मिळाली नाही, तर तो न उतरता विमान पुन्हा वर नेतो. याला 'गो-अराउंड' म्हणतात. अशा व्हिडिओंवर 'थोडक्यात अनर्थ टळला' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती ठरलेली, सरावाची आणि सुरक्षित कृती असते. तेव्हा पुढच्या वेळी तुमचं विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं, तर घाबरू नका.