दवनीवाड्याचा पेन्टियम आणि ‘पऱ्हे’

गेल्या उन्हाळ्यात आमच्यापैकी एकाच्या दवनीवाड्याच्या घरचा माळा उपसताना २००३ साली घेतलेला संगणक हाती आला. पेटी पिवळी पडलेली, आत पेन्टियम फोर प्रोसेसर. याच यंत्रावर आम्ही दोघांनी गोंदिया परिसरातील धानशेतीच्या शब्दांचा एक संग्रह टंकित केला होता. शब्द सांगणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्या आता हयात नाहीत, आणि छापील प्रत वाळवीने केव्हाच संपवली. वीज जोडली तर यंत्र चक्क सुरू झाले. फाइल विभागातल्या नव्या संगणकावर आणून उघडली, तेव्हा मात्र पडद्यावर रोमन अक्षरे, टक्क्यांची चिन्हे आणि तुटके कंस यांचा खच पडला होता. मराठीचे एक अक्षर त्यात नव्हते.

साहित्याच्या माणसांनी प्रोसेसरच्या वाटेला जावे असा हा प्रसंग. दोन्ही यंत्रांची कुंडली मांडून पाहिली, तर पहिलाच आकडा बुचकळ्यात टाकतो. जुन्याचा वेग २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४० कोटी ठोके. नवा प्रोसेसर कोअर आय-फाइव्ह १२४००, २०२२ साली बाजारात आलेला. त्याचा मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ. जवळजवळ वीस वर्षांत वाढ एका दशांशाची! (गरज पडली की तो ४.४ पर्यंत चढतो, हे खरे.)

पेन्टियम फोरच्या कर्त्यांनी सारी भिस्त ठोक्यांवर ठेवली होती. प्रत्येक आज्ञेचे वीस लहान टप्पे पाडायचे. टप्पा लहान म्हणून ठोका जलद. पण पुढची आज्ञा कोणती याचा अंदाज चुकला, की रांगेत शिरलेले निम्मेअधिक काम टाकून पुन्हा आरंभ करावा लागे. शिवाय ठोके वाढतील तसा ताप वाढे. २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेन्टियम फोरचा बेत सोडून दिला, आणि पुढच्याच वर्षी एका प्रोसेसरमध्ये दोन गाभे बसवून विकायला आरंभ केला. आमच्याकडच्या भाषेत सांगायचे, तर रोवणीला एकाच बाईला दुप्पट वेगाने हात चालवायला लावण्याऐवजी बांधीत आणखी बाया उतरवल्या. आमच्या नव्या यंत्रात असे सहा गाभे आहेत, आणि त्यांतला प्रत्येक गाभा एका ठोक्यात जुन्यापेक्षा कितीतरी अधिक काम उरकतो. हाताशी राहणारी स्मृती जुन्यात ५१२ किलोबाइट होती, नव्यात तिचा सर्वांत मोठा थर १८ मेगाबाइटचा आहे.

अनेक प्रोसेसर शेजारी शेजारी कामाला लावण्याची ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली सिद्ध केलेला ‘परम ८०००’ त्याच तत्त्वावर उभा होता. परमची कीर्ती सर्वतोमुखी झाली. आमच्या मते मराठीच्या अभ्यासकांवर त्याच संस्थेचे दुसरे ऋण मोठे आहे. त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. त्यात सुमारे २९ हजार ट्रान्झिस्टर होते आणि त्याचे ठोके सेकंदाला ४७ लाख ७० हजार. (आमच्या पेन्टियमच्या पिढीत ट्रान्झिस्टर साडेपाच कोटींवर गेले.) पडद्यावरची अक्षरे तो प्रोसेसर घडवत नसे. अक्षरांचे २५६ आकार पडद्याच्या कार्डावर कायमचे कोरलेले असत आणि प्रत्येक आकार ठरावीक चौकटीत उमटे. इंग्रजीला एवढे पुरले. देवनागरीत जोडाक्षरांचा पसारा, वर मात्रा, खाली उकार. शिवाय लिहिण्याचा आणि उच्चारण्याचा क्रम वेगळा. ‘स्थिती’ म्हणताना पहिला इकार ‘स्थ’नंतर येतो, कागदावर तो आधी उभा असतो. ‘पूर्ती’तला ‘र’ ‘त’च्या आधी उच्चारला जातो आणि ‘ती’च्या डोक्यावर जाऊन बसतो. ही हलवाहलव त्या चिमुकल्या प्रोसेसरकडून करवून घेण्यापेक्षा तिच्यासाठी वेगळे कार्डच पीसीत खोचावे, हा मार्ग आयआयटी कानपूरमध्ये निघाला आणि १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये पुढे नेला गेला. ‘जिस्ट’ कार्ड ते हेच. त्याचा खरा मोठेपणा आम्हाला पुढील गोष्टीत दिसतो: साठवताना अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवायची, आकार नंतर कार्डाने जुळवायचा. हीच शिस्त १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात आली आणि युनिकोडनेही आपली देवनागरी इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरच बेतली.

मग आमची फाइल अशी का? कारण मधल्या काळात आम्ही सर्वांनीच सोपी वाट धरली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट आले. इकार आधी टंकायचा, मग काना-दंडाचे अवयव जोडत जायचे. जिस्ट कार्ड जे काम करी ते आमची बोटे करू लागली, आणि यंत्राच्या लेखी आम्ही टंकले ते रोमनच राहिले. प्रत्येक छापखान्याचा फॉन्ट निराळा, म्हणून एकाचे लेखन दुसऱ्याला वाचता येत नसे.

बरीच वर्षे आम्ही याचा दोष ‘त्या काळच्या अशक्त यंत्रांना’ देत आलो. माळ्यावरच्या संगणकाने ती समजूत मोडली. त्यात विंडोज एक्सपी आहे. युनिकोड मराठीची सोय तीत होतीच. सेटिंगमध्ये एका चौकटीत खूण करून सीडी घातली, की सुरू. आम्ही परवा ती केली, आणि साडेपाच कोटी ट्रान्झिस्टरांच्या त्या म्हाताऱ्याने ‘स्थिती’ आणि ‘पूर्ती’ क्षणात बिनचूक जुळवून दाखवली. ८०८८ ला कार्डाची गरज होती, पेन्टियमला नव्हती. आम्हीच विचारले नाही. असो.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मिळतात. आम्ही एक वापरला, आणि सहा गाभ्यांच्या यंत्राने दोनशे पाने क्षणार्धात पालटली. वाचताना ‘प’च्या विभागात थबकलो. आमच्याकडे धानाच्या रोपांना ‘पऱ्हे’ म्हणतात. परिवर्तकाने सर्वत्र ‘पर्हे’ केले होते. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला भेद वर्गात शिकवणाऱ्यांना ही चूक किती खोल आहे हे सांगायला नको. जुन्या फॉन्टमध्ये त्या आडव्या रकाराचे स्वतंत्र घर होते. परिवर्तकाला ते ठाऊक नसल्याने त्याने साध्या रफारावर भागवले. ‘पऱ्हे’ आम्हाला माहीत होते म्हणून चूक सापडली. अशाच फेऱ्यात सापडलेले जे शब्द आम्ही त्या म्हाताऱ्यांच्या तोंडून एकदाच ऐकले, त्यांचा उच्चार आता विचारायचा कोणाला?

उत्तर जुन्या यंत्रातच आहे, कारण त्यात तो फॉन्ट अजून आहे आणि त्याच्या पडद्यावर प्रत्येक शब्द आम्ही लिहिला तसाच उमटतो. तेव्हा दोन्ही संगणक एका मेजावर मांडले आहेत. एकाने जुन्यावर वाचायचे, दुसऱ्याने नव्यावर दुरुस्त करायचे. जुन्याला उन्हाचा ताप सोसत नाही, दुपारी तो आपणहून बंद पडतो. म्हणून बैठक पहाटे असते. ‘प’ आणि ‘फ’ उरकले, काल ‘बांधी’पाशी आलो.