मलिक : तीन व्यंजनांचे एक नाव

बाळाच्या नावांची पुस्तके हल्ली घरोघर असतात. त्यांत ‘मलिक’ समोर एकच अर्थ छापलेला असतो : राजा. अर्थ बरोबर आहे. पण अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, बसून आपण एवढ्यावर थांबू शकत नाही.

अरबी आणि हिब्रू ह्या सख्ख्या बहिणी. दोघींतही शब्दाचा प्राण व्यंजनांत असतो, स्वर बदलले की अर्थ कूस पालटतो. म-ल-क ही अशीच तीन व्यंजने. हिब्रूत राजा म्हणजे ‘मेलेख’; रूथच्या गोष्टीतला अलीमलेख आमच्या ख्रिस्ती बांधवांना ठाऊकच आहे, ‘माझा देव राजा आहे’ असा त्या नावाचा अर्थ. अरबीत ‘मलिक’ म्हणजे राजा, आणि पहिला स्वर लांबवला की ‘मालिक’, म्हणजे धनी. कुराणाच्या पहिल्याच अध्यायात एके ठिकाणी काही पठणपरंपरा ‘मलिक’ म्हणतात, काही ‘मालिक’. आपला मालक तिथला, मुलूख तिथला, मिळकतही तिथलीच. (‘मिळणे’वरून ती आली असे वाटते खरे!) आणि ‘ममलूक’? तोही तिथलाच. ममलूक म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्याची मालकी आहे तो. गुलाम.

आता नगरची निजामशाही पाहा. १४९० मध्ये स्वतंत्र झालेल्या मलिक अहमदचा बाप मलिक हसन. ह्याच दरबारात वावरलेला फरिश्ता सांगतो की हसन मूळचा ब्राह्मणाचा मुलगा, तिमाप्पा. घराणे पाथरीच्या कुळकर्ण्यांचे. बहमनी फौजेने त्याला लहानपणी पकडले आणि तो सुलतानाचा गुलाम झाला. पुढे त्याला किताब मिळाला निजाम-उल्-मुल्क. म्हणजे राजवंशाच्या नावातही म-ल-क! नातू बुऱ्हाण निजामशाहाने वऱ्हाडच्या इमादशाहीशी भांडून पाथरी घेतली ती ह्याच नात्यापोटी. राज्य मिळाले तरी गाव सुटले नव्हते.

दुसरा मुलगा हबशाणातला. पीटर फान डेन ब्रुके ह्या डच व्यापाऱ्याच्या टिपणात त्याचे मूळ नाव ‘चापू’ असे येते. त्याचे दुसरे बारसे केले ते धन्याने, आणि नाव ठेवले ‘अंबर’. अंबर हे सुगंधी द्रव्य. याकूत, काफूर, अंबर ही गुलामांची ठरलेली नावे. रत्ने नि अत्तरे ही जशी विकायची वस्तू, तसा हाही! बगदादकडून तो दख्खनेत आला. इथे त्याला विकत घेणारा पेशवा चंगीझखान स्वतःच एकेकाळचा गुलाम होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर सुटला, आणि हळूहळू ‘मलिक’ झाला.

आमच्या मते ‘राजा’ हा अर्थ इथे अपुरा पडतो. ज्याच्यावर मालकी होती त्याच्याच नावाला मालकीचा शब्द लागला. ममलूकाचा मलिक होताना व्यंजने तीच राहिली, माणूस मात्र मोकळा झाला.

१६२६ साली तो वारला. त्याने जमिनीची प्रतवारी करून सारा ठरवला, त्या पद्धतीला आपल्या लोकांनी ‘मलिकंबरी’ म्हटले. दरबारचा किताब आणि धन्याने ठेवलेले नाव, दोन्हींचा संधी करून! इंग्रज महसूल अधिकारी १९व्या शतकात दख्खनेतल्या जुन्या साऱ्याविषयी लिहू लागले, तेव्हाही हे नाव खेड्यांत चालू होते.