फोल्डर हललं, टॅबचं काय?

खोताच्या वाडीचा पत्ता विचारून बघा. कागदावर जगन्नाथ शंकरशेट मार्ग असतो. जुनी मंडळी 'गिरगाव रोडवरून आत वळा' म्हणतात. मागच्या अंगाने यायचं तर विठ्ठलभाई पटेल मार्ग, म्हणजे पूर्वीचा गिरगाव बॅक रोड. आत शिरल्यावर कुणीतरी 'अनंताश्रमावरून पुढे' अशी खूण सांगतं. अनंताश्रमातलं माशांचं जेवण बंद होऊन वर्षं लोटली, खूण चालूच आहे. पाठारे प्रभू दादोबा वामन खोत यांच्या नावाने वाडी वसली, त्यांच्याकडून जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांनी घेतले, बाहेरून जिने चढणारी लाकडी घरं उभी राहिली, त्यातली बरीचशी पडलीही. वाडीचं नाव तेवढं टिकलं.

याच वाडीच्या फोटोंनी मध्यंतरी मला चकवलं. फाइल मॅनेजरच्या एका टॅबमध्ये 'खोताची वाडी' हे फोल्डर उघडं होतं. दुसऱ्या टॅबमधून मी ते उचललं आणि 'गिरगाव' नावाच्या फोल्डरात टाकलं. पहिल्या टॅबवर परतलो तर सगळे फोटो जागच्या जागी दिसत होते. एकावर क्लिक केलं आणि उत्तर आलं, 'फाइल सापडत नाही'. डोळ्यांसमोर जिना दिसतोय, आणि पाय टाकायला जावं तर पायरी नाही!

हा चकवा कुठून आला, हे शोधायला टॅबच्या कुळात शिरावं लागतं. मूळचा टॅब कागदाचा. ग्रंथालयातल्या कार्डांच्या खणात मधूनमधून एखाद्या कार्डाला वर डोकावणारा कान ठेवायचा, त्यावर अक्षर लिहायचं, म्हणजे बोट थेट तिथे पडतं. अमेरिकेत जेम्स न्यूटन गन यांनी 1897 साली याचं पेटंट घेतलं. फोल्डरही कचेरीतूनच आलं. झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या संगणकाने 1981 मध्ये पडद्यावर टेबल मांडलं आणि त्यावर फोल्डरची चित्रं ठेवली. पुढे इंटरनेटच्या ब्राउझरांनी टॅबची सवय लावली आणि ती फाइल मॅनेजरांत उतरली. लिनक्सवरच्या कॉन्करर या ब्राउझर आणि फाइल मॅनेजर अशा दुहेरी कामाच्या प्रोग्रॅममध्ये 2003 साली टॅब आले, लिनक्सवरच्याच नॉटिलसमध्ये 2008 साली, मॅकच्या फाइंडरमध्ये 2013 साली. विंडोजच्या एक्सप्लोररला मात्र 2022 उजाडावं लागलं.

कागदाच्या टॅबला आमची अडचण ठाऊकच नव्हती. त्याचा कान कार्डालाच चिकटलेला. कार्ड दुसऱ्या खणात गेलं की कानही बरोबर गेला. पडद्यावरचा टॅब फोल्डरला चिकटलेला नसतो. त्याच्या खिशात फोल्डरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी असते, एवढंच.

पत्ता आणि वस्तू यांची ही फारकत युनिक्सने केली. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून ही प्रणाली घडवली. तिच्यात फाइलची खरी नोंद 'आयनोड' नावाच्या एका क्रमांकित जागी असते आणि नाव राहतं ते वरच्या फोल्डरात. तिथे फक्त लिहिलेलं असतं की या नावाचा नंबर अमुक. फोल्डर हलवलं की एका यादीतून नाव खोडून दुसऱ्या यादीत लिहितात. नंबर आणि आतला ऐवज जागचे हलत नाहीत. म्हणून तर हजार फोटोंचं फोल्डर क्षणात हलतं. गिरगावकराला हे समजावून सांगायला नको. रस्त्याचं नाव बदलो, घरावरची पाटी बदलो, प्रॉपर्टी कार्डावर 'गिरगाव डिव्हिजन' आणि सी. एस. नंबर तोच राहतो.

युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्सवर याचा पडताळा घेता येतो. टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, एका फोल्डरात शिरा, दुसऱ्या खिडकीतून ते फोल्डर हलवा आणि पहिल्या खिडकीत 'पीडब्ल्यूडी' ही आज्ञा द्या. (सार्वजनिक बांधकाम खात्याशी तिचा संबंध नाही; 'मी कुठे आहे' असं विचारणारी ती आज्ञा आहे.) उत्तरात जुनाच पत्ता येतो. तीच आज्ञा '/बिन' या फोल्डरातली, यंत्रणेला थेट विचारणारी वापरली, तर नवा पत्ता मिळतो. दोन्ही उत्तरं एकाच जागेवर उभं राहून दिलेली.

मग टॅबला कुणी कळवत का नाही? कळवतात, पण अर्धवट. लिनक्सच्या 2.6.13 या आवृत्तीत, 2005 साली, 'आयनोटिफाय' नावाचा पहारा आला. उघड्या फोल्डरवर पहारा बसवला तर ते हलल्यावर 'हललं' एवढीच वर्दी येते. कुठे गेलं, ते नाही. वरच्या फोल्डरावरही पहारा असेल तर 'इथून गेलं' असं कळतं, आणि नव्या जागीही कुणी बसवलेला असेल तर 'इथे आलं'. या दोन वर्द्यांवर एकच खुणेचा आकडा असतो, त्यावरून जोडी जुळवायची. नव्या जागी पहारा नसेल तर जोडी अर्धीच राहते. आणि फोल्डराच्या वरचा आजा-पणजा हलला, तर नातवावरच्या पहारेकऱ्याला कुणी उठवतही नाही.

या अडचणीला तोंड देणारी फाइल मॅनेजरांची तीन घराणी आहेत. पहिलं मॅकचं. तिथे 1985 च्या फाइल प्रणालीपासूनच प्रत्येक फोल्डरला नंबर आहे. फाइंडरची खिडकी त्या नंबराचा माग ठेवते आणि फोल्डर जाईल तिकडे जाते. दुसरं घराणं पत्ता धरून बसतं. तो मोडला की टॅब बंद करतं किंवा वरच्या फोल्डरात आणून सोडतं. तिसरं पागडीच्या भाडेकरूसारखं. 'मी आत बसलोय, घर हलवू देणार नाही.' फोल्डर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडं आहे, असं सांगून विंडोज अनेकदा हलवायलाच नकार देतं, ते यातलं.

पहिलं घराणं शहाणं वाटतं. पण समजा, 'फोटो' या फोल्डरला मी 'फोटो जुने' असं नाव दिलं आणि त्याच जागी नवं 'फोटो' तयार केलं. माग ठेवणारा आता जुने फोटो दाखवणार, पत्ता धरणारा नवे. चूक कुणाचीच नाही. मॅकलाही हा पेच चुकला नाही. 1991 साली आलेली तिथली 'एलियस' ही खूण आधी नंबर शोधायची आणि मग पत्ता. 2002 च्या 10.2 या आवृत्तीपासून क्रम उलटला, आधी पत्ता आणि मग नंबर.

वाडीतलं एखादं घर पाडून तिथे टॉवर उभा राहतो आणि घरातली माणसं बोरिवलीला जातात. जुन्या पत्त्यावर पत्र आलं तर पोस्टमनने ते टॉवरमध्ये टाकायचं की बोरिवलीला धाडायचं? पत्र घराला आहे की माणसांना, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. टॅबचंही तसंच आहे. उघडताना आपल्याला ती जागा हवी होती की ती वस्तू, हे यंत्र विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. माझ्या मते दोष असलाच तर तो गप्प बसण्याचा आहे. फोल्डर हललं की टॅबने निदान 'हे इथून गेलं' एवढं तरी म्हणावं. शिळे फोटो दाखवत बसू नये.

तोवर आपण एक पथ्य पाळावं. फोल्डर हलवण्याआधी त्याचे उघडे टॅब मिटवावेत. आणि पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर हलवत असाल तर माग ठेवणाऱ्यावरही भरवसा नको. तिथे फोल्डर हलत नाहीच; नव्या जागी नव्या नंबराने नक्कल होते आणि मूळ पुसलं जातं.