जुन्या शाळांच्या सागवानी खिडक्या

मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ मध्ये स्थापन झाली आणि १८७८ मध्ये आजच्या वास्तूत आली. विजेचे दिवे नसलेल्या त्या काळी वर्गातील प्रकाश व वारा खिडक्यांवरच अवलंबून असे. म्हणूनच तत्कालीन अनेक शाळांना उंच सागवानी खिडक्या लाभल्या. पावसाचे पाणी साचून चौकटीचा तळ प्रथम कुजतो. तेवढाच भाग कापून सागवानाचा जोड दिल्यास खिडकी वाचते. उलट, दोन झडपांच्या सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीची निम्मीच जागा एका वेळी उघडते, वारा घटतो. १९९५ च्या मुंबई वारसा नियमावलीने सूचीतील वास्तूंतील फेरफारांना पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. नियम नसेल तेथेही विश्वस्तांनी आधी सुताराकडून प्रत्येक चौकट तपासून घ्यावी. जीर्ण तेवढे बदलावे, सुदृढ ते राखावे. जीर्णोद्धाराचा अर्थ हाच होय.